कपाटाची जागा

उकाडा ओसरून पहाटे तळपायांना फरशी गार लागू लागली, की या घरात ऋतुपालटाचा दिवस ठरत असे. तो कोणत्याही कॅलेंडरात नव्हता. आई तो आपल्या पायांवरून ठरवी, आणि एकदा तिने ठरविला की मुलाचे चष्म्याचे दुकान त्या दिवशी उघडत नसे, आत्या दोन बस बदलून सकाळीच हजर होई, आणि सूनबाई आपल्या गिऱ्हाइकांना “आज घरचं काम आहे” असे कळवून फोन पालथा घालून ठेवी. वडील निवर्तले त्या वर्षीदेखील हा दिवस चुकला नव्हता. यंदा तो चुकला असता तर बरे झाले असते, असे पुढे प्रत्येकाला आपापल्या ठिकाणी वाटले. परंतु सकाळी तसे कोणतेही चिन्ह नव्हते.

चष्मेवाला स्टुलावर चढून उन्हाळ्याचे पातळ पांढरे पडदे उतरवीत होता. आत्या खाली खुर्चीत बसून त्याच्यावर देखरेख करीत होती.

“अरे, लोकांना डोळे विकतोस आणि तुला पडद्याची कडी दिसत नाही?”

“आत्या, तू वर चढून बघ एकदा.”

“मी वर चढले तर स्टूल खाली जाईल. हं, डावीकडची. डावीकडची रे. जेवतोस कुठल्या हाताने? त्याच्या उलटी.”

सूनबाई त्या वेळी पाण्याने भरलेले पसरट काचपात्र दोन्ही हातांनी तोलून स्वयंपाकघराकडे नेत होती. ती उन्हाळ्याची वस्तू, आणि पावसाळाही या घरी उन्हाळ्यातच धरला जाई. उन्हाळाभर समोरच्या भिंतीशी, जमिनीवर, ते एकटे बसलेले असे, आणि दुपारी त्यातील पाण्याचे कवडसे भिंतीवर हलत. त्याखेरीज त्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक सतरंजी एवढेच सामान होते. भिंतींवर चित्र नव्हते, कोपऱ्यात फुलदाणी नव्हती. दारातून आत पाऊल टाकणाऱ्याची दृष्टी कोठेही न अडखळता थेट समोरच्या भिंतीला जाऊन भिडे आणि तेथे त्या ऋतूची एक वस्तू पाहून विसावे. त्या वस्तूखालची फरशी बाकीच्या फरशीहून किंचित उजळ होती, आणि त्या उजळपणाला चार सरळ कडा होत्या.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा सूनबाई स्वतः खच्चून भरलेल्या घरातून आली होती. तिच्या माहेरी खिडकी उघडायची तर आधी तीन वस्तू हलवाव्या लागत. येथील रिकामेपण पाहून पहिल्या दिवशी तिला रडू आले होते, आणि वर्ष सरता सरता त्याच रिकामेपणाने तिला वेड लावले. सासू काय करते, कसे करते, हे ती तोंडाने काही न विचारता डोळ्यांनी शिकली. पुढे तिने तोच व्यवसाय केला. लोकांची घरे ती ऋतूनुसार सजवून देई, किंबहुना रिकामी करून देई, आणि सर्वांना तीन गोष्टी सांगे: दारापासून भिंतीपर्यंतची वाट मोकळी हवी, ऋतूला एकच वस्तू, आणि ती वस्तू एका माणसाला सहज उचलता आली पाहिजे. हे सारे माझ्या सासूबाईंचे आहे, असेही ती न विसरता सांगे. आत्याचे यावरील मत प्रसिद्ध होते. “लोक घर भरायला पैसे मोजतात, आमच्या सुनेला घर रिकामं करायला देतात. एखाद्या चोराला हे सुचलं असतं तर बिचारा तुरुंगात गेला नसता.”

रस्त्यावरच्या झाडांची छाटणी चालू होती. तेथील ढिगातून अनेक फांद्या नाकारून सूनबाईने एक निष्पर्ण फांदी आणली होती. ती तिने काळ्या बरणीत उभी केली, बरणी उजळ फरशीवर ठेवली आणि मागे सरून उभी राहिली.

“आई, बघता का?”

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुशीत आली. तिने काही वेळ पाहिले, मग वाकून बरणी दोन बोटे खिडकीकडे सरकविली.

“आता बरी दिसते.”

सूनबाईने पाहिले, आणि खरोखर आता फांदी बरी दिसत होती. इतक्या वर्षांत हे दोन बोटांचे अंतर तिला एकदाही आधी समजले नव्हते.

याच वेळी आत्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ती सकाळपासून अनेकदा तिकडे पाहत होती. तिच्या पोटात एक गोष्ट होती, आणि आत्याच्या पोटात गोष्ट ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी ठेवणे, हे साऱ्या कुळाला ठाऊक होते. तथापि ही गोष्ट तिने आठवडाभर राखली होती. तिने आपल्या धाकट्या भावाच्या मुलीला, म्हणजे सुतारकाकांच्या मुलीला, आज या घरी बोलाविले होते, आणि येथे कोणालाही त्याची वार्ता दिली नव्हती.

मागील प्रकरणांत आलेली वाटणी येथे पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन नाही. एवढेच स्मरावे की दोघे भाऊ एका कारखान्यात काम करीत, धाकटा लाकूड घडवी, थोरला, म्हणजे चष्मेवाल्याचे वडील, त्याला पॉलिश करी, आणि ज्या दिवशी फाटले त्या दिवशी धाकटा ओरडून म्हणाला होता, “लाकूड माझं आहे, तुझी नुसती चमक.” यावर थोरला म्हणाला होता, “मग चमक ठेव इथे आणि लाकूड घेऊन जा.” धाकट्याने रागाच्या भरात चार हमाल आणले आणि बैठकीतील मोठे कपाट उचलून नेले. ते कपाट त्याने मिसरूड फुटण्याच्या वयात, आपले पहिले मोठे काम म्हणून, वहिनीसाठी घडविले होते. थोरला भाऊ पुढे वारला. धाकटा अंत्ययात्रेला आला तो फाटकाबाहेर उभा राहिला आणि तसाच परत गेला. तेव्हापासून दोन घरांमध्ये एकटी आत्याच जात-येत होती, आणि दोन्हीकडे तिला चहा मिळे व बातमी कोणी विचारीत नसे.

आत्याच्या मनात असे होते की मुलगी येईल, वहिनी तिला जवळ घेईल, आणि भिंतीला एकदा भोक पडले की उजेड आपोआप येईल. ती भाबडी होती. घंटा वाजली तेव्हा तीच सर्वांच्या आधी उठली.

दारात सुतारकाकांची मुलगी उभी होती. ती मोटार शिकविण्याचा क्लास चालवीत असे, आणि दिवसभर भित्र्या माणसांच्या शेजारी बसून तिच्या आवाजाला एक शांत, ठाम वळण लागले होते. स्टुलावरचा चष्मेवाला पडदा हातात धरून तसाच राहिला.

“दादा, उतर आधी,” ती म्हणाली. “दोन्ही हात गुंतवून असं वर उभं राहू नये.”

आई पुढे झाली. तिने मुलीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

“हनुवटी भाऊजींची. नाक मात्र तुझ्या आईचं, बरं झालं. बैस गं. भाऊजी कसे आहेत?”

“ठीक आहेत, काकू. जिना चढवत नाही आता. घर सोडलं त्यांनी, माझ्याकडे राहायला आलेत.”

“घर सोडलं? कधी? वन्सं, तुम्ही बोलला नाहीत.”

“मला विचारलंस कधी?” आत्या म्हणाली.

आई खुर्चीच्या कडेवर बसली. मग तिने जो प्रश्न विचारला तो इतक्या सहज विचारला, की जणू ती तो रोजच विचारीत होती. “आणि माझं कपाट गं? तुझ्याकडे मावलं का ते?”

मोटारवालीने एकदा आत्याकडे आणि एकदा सूनबाईकडे पाहिले. तिच्या मुद्रेवरील सौजन्य हळूहळू मावळले.

“काकू, मी आत्याच्या शब्दाखातर आले. भांडायला आले नाही. पण ते कपाट तुम्हाला नको होतं ना?”

“कोण म्हणालं?”

“बाबांनी फोन केला होता इथे. उन्हाळा सुरू झाला तेव्हा. कपाट वहिनींना परत पाठवतो म्हणाले. टेम्पोसुद्धा ठरवला होता. इकडून निरोप मिळाला, नको म्हणून.”

चष्मेवाला स्टुलावरून उतरला आणि पडद्याची घडी घालू लागला. त्याने ती घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

सूनबाईला तो फोन पूर्ण आठवत होता. एक वृद्ध, खरखरीत आवाज. आपण कोण हे सांगायलाच त्याला फार वेळ लागला होता. ती एका गिऱ्हाइकाच्या घरी जायला निघाली होती, चप्पल पायात होती.

“फोन मी घेतला होता, आई,” ती म्हणाली. “काका म्हणाले, घर सोडतोय, कपाट पाठवू का. मी म्हटलं, काका, आम्ही जड सामान ठेवत नाही, आमच्या घराची पद्धतच तशी आहे.”

“आणि मग?”

“ते म्हणाले, वहिनीला विचारलंस का.” येथे तिचा आवाज बारीक झाला. “मी म्हटलं, ही पद्धत त्यांचीच आहे, मी त्यांच्याकडूनच शिकले. मग त्यांनी फोन ठेवला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काकांचं नाव तुमच्यासमोर काढायचं नाही, असं मला लग्न झालं तेव्हाच सांगितलं होतं. तुम्हाला त्रास होतो म्हणून. आणि मला वाटलं, माणूस घर सोडतोय, जुनं सामान कुठेतरी ढकलायचं असेल. माझी निम्मी गिऱ्हाइकं हेच करतात, आई. नातेवाइकांकडून कपाटं येतात, नाही म्हणता येत नाही, म्हणून मला बोलावतात.”

आत्या एवढा वेळ गप्प राहिली होती हेच आश्चर्य. “अगं, पण एवढं मोकळं घर कशासाठी ठेवलंय, हे एकदा तरी विचारायचंस.”

“तुम्हाला माहीत होतं, आत्या?”

वस्तुतः आत्यालाही ठाऊक नव्हते. तिला वाटे, वहिनी दुःखाने विरक्त झाली.

आई खाली, उजळ फरशीकडे पाहत होती. बोलली तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणूनच सूनबाईला तिच्याकडे बघवेना.

“कपाट नेलं त्या दिवशी हमालांना दारातून काढता येईना. इथे कोच होता, मध्ये टेबल होतं. कपाट टेबलाला घासलं, कोपरा टवकला. भाऊजी एवढे भांडत होते, पण तो टवका बघून डोळे भरले त्यांचे. मला वाटलं, हे आज रागात नेतायत, उद्या परत आणतील. आणताना तरी घासायला नको. म्हणून कोच देऊन टाकला. मग टेबल दिलं. दारापासून भिंतीपर्यंत वाट मोकळी केली.”

सूनबाईने भिंतीला हात टेकला.

“भिंत उघडी बरी दिसेना. येणारा-जाणारा विचारायचा, कपाट कुठे गेलं. म्हणून काहीतरी ठेवायला लागले. पण हलकं. भाऊजी कपाट घेऊन दारात आले तर मला एकटीला चटकन उचलून बाजूला ठेवता यायला हवं ना. तुझे सासरे कामावर असायचे. ते असते तर दारात पुन्हा भांडण झालं असतं.” ती किंचित हसली. “ऋतू बदलला की वस्तू बदलायची, नाहीतर ती तिथली होऊन बसली असती. एवढंच होतं ते.”

“आणि मी लोकांना शिकवत बसले,” सूनबाई म्हणाली.

“तुला काय बोलू मी. लोक यायचे, म्हणायचे, काय सुंदर राखलंय घर. तूसुद्धा एवढा रस घेऊन बघायचीस. मला ते गोड लागलं. खरं कारण सांगितलं असतं तर एक वेडी म्हातारी दिराची वाट बघत बसलीय, एवढंच झालं असतं. हे बरं वाटायचं.” मग मोटारवालीकडे वळून, जणू साक्षीदाराला सांगावे तसे, ती म्हणाली, “तिथे कधी कुणाला बसू दिलं नाही मी. हा लहान होता, उन्हाळ्यात गार लागतं म्हणून तिथे अंथरूण टाकायचा. रात्री उठवून बाजूला करायची मी ह्याला. ‘काकाचं कपाट येणार आहे तिथे’ म्हणायची. झोपेत पाय आपटायचा.”

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिले.

चष्मेवाल्याने त्या दृष्टीचा अर्थ ओळखला, आणि त्याने हातातील पडद्याकडे मान वळविली. त्याला सर्व आठवत होते. आईचे वाक्य आठवत होते, आणि कपाट गेल्यावर वडील दोन दिवस पॉलिशची चिंधी हातात घेऊन कशालाच हात न लावता बसले होते, तेही आठवत होते. उन्हाळ्याच्या आरंभी एका संध्याकाळी पत्नीने त्याला तो फोन सांगितला होता. “काका कपाट पाठवत होते, मी नको म्हटलं, बरोबर केलं ना?” असे तिने विचारले होते. तो एका लहान मुलीच्या चष्म्याची काच घाशीत होता. त्याला त्या क्षणी बापाचा चेहरा दिसला होता आणि आईचा दिसला नव्हता. तो म्हणाला होता, “बरं केलंस.” दोनच शब्द, आणि ते उच्चारताना त्याला किंचित सुखही झाले होते. त्याच वेळी तो ‘थांब, आईला विचारू’ असे म्हणाला असता, तर आज येथे फांदी नसती. मनुष्य मोठी पापे विचार करून करतो. हातून सहज घडलेली लहानशी मात्र त्याला जन्मभर समोर बसवून ठेवतात.

पत्नी आता सांगेल, या भीतीने तो उभा होता. ती चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून गेली, आणि तिचे ते न सांगणे त्याला तिने सांगण्याहून जड गेले.

मोटारवाली तिच्या मागोमाग आत गेली. आधण उकळेपर्यंत दोघी ओट्याशी उभ्या होत्या. बाहेर आत्या आपल्या वहिनीला समजावीत होती, “अजून काही बिघडलं नाही. विकलं असलं तरी परत मागता येतं. टेम्पो काय, आजही मिळतो.”

“ऐका, वहिनी,” मोटारवाली हलक्या आवाजात म्हणाली. “मी रागातच आले होते. बाबांची तुम्ही ही अवस्था करून ठेवली म्हणून चार शब्द सुनावणार होते. आता कुणाला सुनावू?”

“मला सुनावा. पण टेम्पो मी पाठवते. आज पाठवते. माझे नेहमीचे हमाल आहेत, टवका पडू देणार नाहीत.”

“कपाट नाही.”

“कुणाला दिलं? मी परत मागून आणते. हात जोडते त्यांना.”

“दिलं नाही. तोडलं.”

सूनबाईने गॅस बारीक केला. चहा उतू जायला आला होता एवढेच तिला कळले.

“फोन ठेवला आणि हत्यारं काढली,” मोटारवाली म्हणाली. “त्या कपाटात एक खिळा नव्हता. खाचेत कुसू, कुसवात खाच, सगळं एकमेकांत बसवलेलं. सांधे सोडवत गेले असते तर पुन्हा उभं करता आलं असतं, हे त्यांच्याहून कुणाला जास्त माहीत? त्यांनी करवत घातली. मधोमध. मी क्लासवरून आले तेव्हा फळ्या जिन्यात उभ्या होत्या. म्हणाले, जिच्यासाठी केलं तिला नको, तर कुणालाच नको. बेकरीवाला भट्टीसाठी घेऊन गेला.”

“काकांनी स्वतः?”

“स्वतः. मग आठ दिवस जेवले नाहीत धड. मला एकच विचारायचे, वहिनीला कळलं तर काय वाटेल तिला. जी नको म्हणाली, तिला काय वाटेल म्हणून विचारायचे. आत्याला मी ‘विकलं’ एवढंच सांगितलंय. काकूंना हे सांगू नका. बाबांना ते सहन होणार नाही.”

सूनबाईने चहाचे कप भरले. ती मनाशी म्हणत होती की या घरात एक गोष्ट न सांगण्याने जे झाले ते झाले, आता दुसरी न सांगण्याची पाळी आली. आणि पहिली तिला ठाऊक नव्हती, ही मात्र ठाऊक असणार होती.

बाहेर आल्यावर आईने कपाला हात लावला नाही. “तुझ्या फोनवरून भाऊजींना लावून दे,” ती मोटारवालीला म्हणाली. “मोठा आवाज कर. मला नीट ऐकू येत नाही, आणि ह्या सगळ्यांना चोरून ऐकायला लागायला नको.”

फोन लागला. पलीकडे कोणी खाकरले.

“बोल गं. पोचलीस का?”

“भाऊजी, मी बोलतेय.”

मोटारवालीने फोन बंद झाला की काय म्हणून वाकून पाहिले.

“वहिनी.”

“फोनवर मी नव्हते, भाऊजी. मला कुणी विचारलंच नाही. पोरीने आपल्या समजुतीने सांगितलं. तिचा दोष नाही, मी तिला कधी काही बोलले नाही.”

“बरं.”

“बरं काय. जागा आहे अजून. तुम्ही नेलंत तशीच आहे.”

या वाक्यानंतर पलीकडून जो आवाज आला तो खोकल्याचा होता, असे सर्वांनी एकमताने मानले.

“वहिनी, कपाट आता नाही माझ्याकडे.”

“वन्सं म्हणतात, विकलंत.”

“हं.”

“कुणाला?”

सूनबाईने मोटारवालीकडे पाहिले. मोटारवालीने डोळे मिटून घेतले होते.

“एका घरी,” सुतारकाका म्हणाले. “चांगलं घर आहे.”

“नीट ठेवतील?”

“ठेवतील. मोठं कुटुंब आहे, वहिनी. लहान मुलं आहेत. कपडे मावत नव्हते त्यांचे.”

“टवका दिसत असेल.”

“तो मी भरून काढला. मागेच. कळतसुद्धा नाही आता.”

“तुम्ही भरला म्हणजे कळणार नाहीच.” आईचे डोळे भरले होते, तरी मुद्रा उजळली होती. “मुलं आहेत हे बरं झालं. इथे आता कोण होतं वापरायला? आमच्या दोघा-तिघांचे कपडे ते किती. तुम्ही या ना एकदा.”

“येतो.”

“कधी?”

“थंडी सरू दे. गुडघे धरतात. सरली की येतो.”

“रिकाम्या हाताने या. काही करून आणू नका.”

“आता काही करत नाही मी,” सुतारकाका म्हणाले. “हत्यारं देऊन टाकली.”

“देऊन टाकलीत? का?”

“जागा नाही पोरीकडे,” ते म्हणाले, आणि मग कोणाच्या लक्षात येण्याआधी फोन बंद झाला.

आत्याने पदराने नाक पुसले आणि विजयी मुद्रेने सर्वांकडे पाहिले. तिच्या दृष्टीने दिवस सार्थकी लागला होता. “बघा, मी म्हटलं नव्हतं? बोलले की नाही दोघं? कपाट काय, लाकूड ते लाकूड.” चष्मेवाला तिला “हो, आत्या” म्हणाला आणि थंडीचे जाड पडदे घेऊन पुन्हा स्टुलावर चढला. मोटारवालीने जाण्यापूर्वी त्याला खालून कड्या देण्याचे काम केले, आणि डावी-उजवी तिने अशी सांगितली की त्याची एकदाही चूक झाली नाही.

आई मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिली होती. सूनबाई कप उचलायला तिच्याजवळ वाकली.

“तू रडू नकोस गं,” आई म्हणाली. “तुझ्यामुळे ते एका भरल्या घरात गेलं. मी असंच म्हणणार आहे.”

“आई...”

“ऐक. तू एवढ्या घरांत फिरतेस, लोक तुला आत घेतात. भाऊजींकडून त्या घराचा पत्ता घेऊन ठेव. मला एकदा ने तिथे. मी आत जाणार नाही, हात लावणार नाही, दारातूनच बघेन. कसं ठेवलंय, कुठल्या भिंतीला आहे, एवढंच.”

सूनबाई तीन कप हातात घेऊन वाकलेली होती, तशीच राहिली. स्टुलापाशी मोटारवालीचा कड्या देणारा हात थांबला. चष्मेवाल्याने वरून खाली पाहिले. त्याला काही ठाऊक नव्हते, आणि पत्नीच्या मुखावर जे दिसले ते त्याला आपल्याविषयीचे वाटले.

“घेऊन ठेवते,” ती म्हणाली.

आईने समाधानाने मान हलविली. थोड्या वेळाने, काही आठवून, ती तिच्या हाताला हात लावून म्हणाली, “पण लगेच नको नेऊस. आधी कपाट त्यांच्या अंगवळणी पडू दे.”